भूलशास्त्रातून आयसीयूकडे: डीएम की आयडीसीसीएम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमडी ॲनेस्थेशियाचं शेवटचं वर्ष आहे, आयसीयूची पोस्टिंग आवडली, आता नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन क्रिटिकल केअरमधलं डीएम करायचं की सरळ आयडीसीसीएम ही पदविका करून कामाला लागायचं, आणि तोवर हात कशावर बसवायचा. घरचे म्हणतात, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) प्रॅक्टिस बरी, रात्री झोप तरी मिळेल. (भूलतज्ज्ञाला रात्री झोप मिळते हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. सिझेरियनचे फोन रात्रीच येतात.) शिवाय आयसीयूचं मूळ मानल्या जाणाऱ्या १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत रुग्णांना ट्रेकिऑस्टॉमी (श्वासनलिकेला गळ्यातून छिद्र) करून हाताने श्वास देण्याची कल्पना लावून धरणारा ब्यॉर्न इब्सेन भूलतज्ज्ञच होता. त्यामुळे तुम्ही वाट सोडून कुठे चालला आहात असं काही नाही.

पदव्यांचं लवकर उरकतो. डीएम आणि डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएमच्या तोडीची पदवी) दोन्ही तीन वर्षांच्या, दोन्हींचा दरवाजा नीट-एसएस. ॲनेस्थेशियाबरोबर मेडिसिन, चेस्ट, इमर्जन्सी मेडिसिनवालेही त्याच रांगेत असतात. आयडीसीसीएम ही इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनची, म्हणजे १९९३ साली मुंबईत सुरू झालेल्या संघटनेची पदविका. खासगी रुग्णालयांत तिला मान आहे, पण एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) मान्यताप्राप्त पदव्यांत ती नाही. पुढे मेडिकल कॉलेजात क्रिटिकल केअर शिकवायचं मनात असेल तर डीएम किंवा डीआरएनबीच करा. युरोपची ईडीआयसी ही क्रिटिकल केअरची पदविका-परीक्षा दोन टप्प्यांत होते. अभ्यासाला शिस्त लागते म्हणून जरूर द्या, पण ती परीक्षा आहे, प्रशिक्षण नव्हे.

माझ्या मते खरा प्रश्न पदवीचा नाहीच, युनिटचा आहे. आपल्याकडची बरीच खासगी आयसीयू 'ओपन' असतात. पेशंट फिजिशियनचा नाहीतर सर्जनचा. ते सकाळ-संध्याकाळ येऊन जातात, मधल्या वेळात अँटिबायोटिक फोनवर बदलतं, आणि चोवीस तास तिथे उभा असलेला माणूस फक्त ऑर्डरी लिहितो. अशा ठिकाणी तीन वर्षं काढलीत तर लाइन (रक्तवाहिनीतली नळी) टाकण्यात हात बसेल, निर्णय घेण्यात बसणार नाही. 'क्लोज्ड' युनिटमध्ये दाखल करण्यापासून वॉर्डात हलवण्यापर्यंतचं सगळं इंटेन्सिव्हिस्टच्या, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञाच्या, टीमकडे असतं. तिथे कामाबरोबर जबाबदारीही अंगावर येते.

जागा बघायला जाल तेव्हा विभागप्रमुखांशी बोला, चहा घ्या, पण खरं विचारायचं ते रात्रपाळीच्या रेसिडेन्टला. एक्स्ट्युबेट कधी करायचं, म्हणजे श्वासाची नळी कधी काढायची, ते कोण ठरवतं? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर असते की तिघांत एक? कल्चर निगेटिव्ह आलं (जंतू सापडले नाहीत) तर मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक बंद होतं का? मृत्यूंवर नंतर बसून चर्चा होते का? सोनोग्राफीचं मशीन युनिटचं स्वतःचं आहे की रेडिओलॉजीतून मागवावं लागतं? एवढ्या उत्तरांवरून जागेचा अंदाज येतो.

आता कौशल्यांकडे. इन्ट्युबेशन (श्वासाची नळी घालणं), सेंट्रल लाइन, आर्टेरियल लाइन यांत तुम्ही मेडिसिनवाल्यांच्या पुढे आहात. म्हणूनच तिथे वेळ घालवू नका. ओटीत व्हेंटिलेटर दोन-तीन तासांचा, फुप्फुसं बहुधा धडधाकट. आयसीयूत तीच फुप्फुसं दहा दिवस सांभाळायची असतात. एक उदाहरण घ्या. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं उंचीवरून काढलेलं वजन येतं साधारण ४५ किलो, मग काटा ७५ का दाखवेना. किलोला ६ मिलि धरले तर टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, २७० मिलिच्या आसपास. प्रत्यक्षात मात्र कुणीतरी सुरुवातीला ठेवलेला ४५० चा आकडा तसाच चालू असतो, म्हणजे किलोला १० मिलि. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एआरडीएस (फुप्फुसं अचानक निकामी होण्याचा आजार) नेटवर्कच्या चाचणीत १२ ऐवजी ६ मिलि दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं होतं. आयसीयूतल्या फार थोड्या उपचारांना असा फरक दाखवता आला आहे, आणि या उपचाराचा खर्च मोजपट्टीएवढा. तेव्हा खिशात टेप ठेवा, प्रत्येक पेशंटची उंची स्वतः मोजा, प्लॅटो प्रेशर (श्वास भरल्यावर फुप्फुसांतला दाब) दर पाळीला बघा. यानंतर फुप्फुसांची आणि हृदयाची सोनोग्राफी शिका. आधी शंभर नॉर्मल हृदयं बघितल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही.

भूलशास्त्रात न शिकवलेली गोष्ट म्हणजे तापाचं निदान. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस या चौघांत फरक करायला मेडिसिनच्या युनिटसोबत राउंड घ्यावाच लागतो. बॉन्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष वाया जातं असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. जिल्हा रुग्णालयात रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठलेला, पापण्या जड झालेला आणि अंगावर दंशाची खूण नसलेला पेशंट बघाल, तेव्हा मण्यार आठवली पाहिजे. हाच माणूस पुढे काही हालचाल करत नाही, बाहुल्याही हलत नाहीत, ब्रेन डेड वाटतो, आणि व्हेंटिलेटर चालू ठेवला तर चालत घरी जातो. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं, बाहुल्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हेही तिथेच अंगवळणी पडतं. विंचूदंशात प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला तो महाड भागात काम करताना, कुठल्या पंचतारांकित आयसीयूत नव्हे.

नातेवाइकांशी बोलणं हेही कौशल्यच, आणि ते शिकवायला सहसा कुणी बसत नाही. 'स्टेबल आहे' एवढं सांगून सुटू नका. व्हेंटिलेटरवर आणि दोन इनोट्रोपवर (हृदयाला जोर देणाऱ्या औषधांवर) असलेला माणूस स्टेबल नसतो. आशा संपल्यावर उपचार थांबवायचे तर कायदेशीर वाट आहे: सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली प्रक्रिया, ज्यात दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. अजूनही बऱ्याच ठिकाणी ती वाट टाळून 'डामा'च्या (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या) कागदावर सही घेतली जाते आणि पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये घरी पोचेपर्यंत संपतो. ज्या युनिटमध्ये ही प्रक्रिया नीट राबवली जाते, ब्रेन डेथच्या दोन तपासण्या सहा तासांच्या अंतराने नियमाप्रमाणे होतात, तिथे काम करायला मिळालं तर सोडू नका.

पैशाचं स्पष्ट बोलू. भूलतज्ज्ञ केसमागे कमावतो, इंटेन्सिव्हिस्ट बहुतेक वेळा पगारावर असतो, आणि पहिली काही वर्षं तुमचे ओटीतले मित्र पुढे दिसतील. रात्रपाळ्या चाळिशीनंतर जड जातात. म्हणून नोकरी घेताना पगाराइतकंच महिन्याच्या पाळ्यांबद्दल लेखी घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर बॉन्ड संपवून आयडीसीसीएम शिकवणाऱ्या क्लोज्ड युनिटमध्ये नाव घातलं असतं आणि तिथूनच नीट-एसएस दिली असती. मुंबईत टाटा मेमोरियलसारखी डीएमची चांगली जागा मिळाली तर डोळे झाकून घ्या, फक्त कॅन्सरच्या रुग्णालयात ट्रॉमा आणि विषबाधा कमी दिसणार हे धरून. चॉइस भरताना सीट सोडल्यास काय दंड आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचा, आणि जे युनिट रात्री जाऊन बघितलेलं नाही ते यादीत टाकूच नका.