मेडिकेअरच्या कार्डावर नाव एकाचंच असतं

गेले काही महिने या सदराकडे एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. पासष्टी ओलांडलेल्या जोडप्याला एकत्र काउन्सेलिंगला जायचं असेल, तर मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, पैसे देतं का? व्हॉट्सॲपवर याची दोन उत्तरं फिरताहेत, 'सगळं फुकट' आणि 'छदामही मिळत नाही'. दोन्ही चूक. न्यू जर्सीत ज्येष्ठांबरोबर काम करणारी क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून हे क्लेम मी रोज हाताळते, म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही ७१ आणि ६८ वर्षांचे. हे निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात, आणि दिवसभर वाद. आजार म्हणाल तर बीपीची गोळी, बस. दोघांकडे ओरिजिनल मेडिकेअर (थेट सरकारकडून मिळणारं) आहे. कपल्स काउन्सेलिंग त्यात बसतं का? (एडिसन)

नुसत्या वादांसाठी नाही. मेडिकेअर संसाराचा खर्च उचलत नाही, रुग्णाच्या उपचाराचा उचलतं. तुमच्यापैकी एकाला डिप्रेशन, अँक्झायटी असं काही निदान झालं असेल आणि त्या उपचाराला मदत व्हावी म्हणून जोडीदाराला सोबत बसवायचं असेल, तर ती भेट पार्ट बीमध्ये (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या भेटींचा भाग) बसते. क्लेम त्या एकाच्याच नावावर जातो. रुग्ण हजर असलेल्या अशा भेटीचा बिलावरचा कोड ९०८४७, रुग्णाशिवाय घरच्यांशी बोलायचं असेल तर ९०८४६. 'पती-पत्नीतील बेबनाव' यालाही एक कोड आहे, झेड ६३.०, पण तेवढ्या एका कोडावर क्लेम पाठवला तर पैसे मिळायचे नाहीत.

आता पुढचा प्रश्न मला फोनवर नेहमी येतो, म्हणून आधीच सांगते. "मग तुम्ही डिप्रेशन लिहून टाका ना!" नाही. खोटं निदान लिहिणं ही फसवणूक आहे, आणि ते तुमच्या वैद्यकीय कागदांवर कायमचं बसतं. मात्र खरं निदान असण्याची शक्यता तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त आहे. आपल्याकडचे पुरुष 'उदास वाटतं' असं म्हणत नाहीत. ते चिडतात, पहाटे तीनला उठून बसतात, जेवणात मीठ कमी-जास्त काढतात. वर्षातून एकदा डिप्रेशनची चाचणी प्रायमरी डॉक्टरकडे होते, आणि डॉक्टर मेडिकेअरचे दर मान्य करणारा असेल तर तिला पैसे पडत नाहीत. तिथून सुरुवात करा. काहीच निघालं नाही, तर खिशातून पैसे देऊन जा. विद्यापीठांच्या प्रशिक्षण क्लिनिकमध्ये उत्पन्नानुसार फी घेतात, आणि तुमच्या काउंटीचं ज्येष्ठांसाठीचं ऑफिस पत्ते देईल.

प्रश्न : किती पैसे लागतील? नक्की आकडा सांगा. (नेपरव्हिल)

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये आधी वर्षाचं डिडक्टिबल (सुरुवातीला तुम्हीच भरायची रक्कम), २०२६ साली २८३ डॉलर. त्यानंतर मेडिकेअरने ठरवलेल्या दराच्या २० टक्के तुमचे. म्हणजे दर १०० डॉलर असेल तर २०. मेडिगॅप (मेडिकेअरला जोडून घेतलेला खासगी पूरक विमा) असेल तर बहुतेक प्लॅन हे २० टक्के भरतात. ॲडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर हे गणित विसरा, तिथे बहुधा दर भेटीला ठरावीक रक्कम, म्हणजे को-पे, असतो. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारा.

प्रश्न : आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली. माझी इथली नोकरी वीस वर्षांची आहे, टॅक्स भरला आहे. त्यावर त्यांना मेडिकेअर मिळेल ना? (आयर्विंग)

नाही. मुलाने भरलेला टॅक्स आईवडिलांच्या खात्यावर जमा होत नाही. वय ६५ आणि ग्रीन कार्डावर इथे सलग पाच वर्षांचं वास्तव्य झालं की त्यांना पैसे भरून मेडिकेअर घेता येईल. पाचवं वर्ष भरतं त्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन, एवढी सात महिन्यांची मुदत असते. ती हुकली तर पार्ट बीच्या प्रीमियमवर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड बसतो, आणि तो पार्ट बी असेपर्यंत सुटत नाही. मधे ते सहा-आठ महिने भारतात राहून आले असतील तर 'सलग' वास्तव्याचा प्रश्न उभा राहू शकतो. पासपोर्ट घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. तोवर मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन बघा, त्यात मानसिक आरोग्य असावंच लागतं.

प्रश्न : पुण्यातल्या एक बाई झूमवर फार छान काउन्सेलिंग करतात, मराठीतून. मेडिकेअर त्यांचे पैसे देईल? (फ्रीमाँट)

नाही.

(थोडं अधिक : घरी बसून व्हिडिओवर थेरपी घेतली तरी मेडिकेअर पैसे देतं, पण थेरपिस्ट मेडिकेअरमध्ये नोंदलेला हवा आणि तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथलं लायसन्स त्याच्याकडे हवं. हिवाळ्यात मुलीकडे टेक्ससला जाणार असाल तर आधी सांगा.)

प्रश्न : आमच्या थेरपिस्ट म्हणतात, "मी मेडिकेअर घेत नाही, पण सुपरबिल (भेटींचं तपशीलवार बिल) देते, ते पाठवून पैसे परत मागा." बारा भेटींचं पॅकेज आगाऊ घेतलं तर सवलतही आहे. घ्यावं का? (बॉस्टनजवळ)

थांबा. चेक लिहू नका.

मेडिकेअरमधून रीतसर बाहेर पडलेला, म्हणजे 'ऑप्ट-आउट' केलेला थेरपिस्ट असेल, तर तो तुमच्याकडून एका करारावर सही घेतो. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे पैसे मेडिकेअर देणार नाही. मग सुपरबिल पाठवा, फ्रेम करून लावा, उपयोग तोच. नोकरीत असताना कंपनीच्या इन्शुरन्सकडून सुपरबिलवर काही टक्के परत यायचे, ती सवय डोक्यात असते. तरुण थेरपिस्टनाही हा फरक पुष्कळदा ठाऊक नसतो. काहींना ठाऊक असतो आणि ते बोलत नाहीत. बारा भेटींचं पॅकेज हा तर जिमच्या मेंबरशिपचा प्रकार. तिसऱ्या भेटीला नवरोबा "मला नाही यायचं" म्हणाले, तर उरलेल्या नऊंचं काय, हे त्या कागदावर शोधा.

'आमच्या भागात मेडिकेअर घेणारं कोणी नाहीच' हेही आता जुनं झालं. १ जानेवारी २०२४ पासून मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट आणि मेंटल हेल्थ काउन्सेलर यांनाही मेडिकेअरमध्ये नोंदणी करून बिल पाठवता येतं. त्याआधी सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर अशा मोजक्यांनाच ते करता यायचं. जोडप्यांबरोबर काम करण्याचं खास शिक्षण घेतलेले लोकच बाहेर होते! त्यांना दर मात्र सायकॉलॉजिस्टच्या ७५ टक्के मिळतो, त्यामुळे सगळे उत्साहाने आत आलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वीची यादी बघून हताश झाला असाल तर पुन्हा बघा. १-८००-६३३-४२२७ हा मेडिकेअरचा नंबर आहे. आणि प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ला देणारी सरकारी सोय आहे. तिथली माणसं काही विकत नाहीत. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या प्लॅन बदलण्याच्या काळात जे गोड आवाजाचे फोन येतात, ते विकत असतात.

प्रश्न : माझे मिस्टर ७४ वर्षांचे. पंचेचाळीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. गेलं वर्षभर मात्र संशय घेतात, मी पटेल ब्रदर्समध्ये वाणसामानाला गेले तरी "कोण भेटलं?" विचारतात. पैसे कुठे ठेवले ते विसरतात आणि मी घेतले म्हणतात. मुलगा म्हणतो, दोघं थेरपिस्टकडे जा. मैत्रिणी म्हणतात, म्हातारपणी पुरुष असेच होतात. कुठला थेरपिस्ट गाठू? (क्लीव्हलँड)

आत्ता कुठलाच नाही. आधी डॉक्टर, आणि याच आठवड्यात अपॉइंटमेंट.

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशी जोडपी माझ्याकडे येतात ती फार उशिरा. पंचेचाळीस वर्षांचा स्वभाव एका वर्षात बदलला, तर तो स्वभावाचा प्रश्न नाही असं धरून चालायचं, तपासणीत उलट सिद्ध होईपर्यंत. जोडीदार चोरी करतो, जोडीदाराचं बाहेर काही आहे, असे संशय डिमेन्शियात येतात. डिमेन्शियाच्या एका प्रकारात तर विसरण्याआधी वागणंच बिघडतं : माणूस उद्धट होतो, कोरडा होतो, बायको आजारी पडली तरी टीव्हीवरून नजर हलवत नाही. बायकोला वाटतं, प्रेम संपलं. मग दोघं सोफ्यावर शेजारी बसून माझ्यापुढे येतात, ती वर्षभराच्या अपमानांची यादी वाचते, तो चाळीस मिनिटांत ऑफिसची तीच गोष्ट तीन वेळा सांगतो, आणि मुलगा बाहेर गाडीत बसून 'कम्युनिकेशन सुधारेल' याची वाट बघतो. त्याच घरात विजेचं एकच बिल दोनदा भरलेलं असतं, आणि ते कोणी मनावर घेतलेलं नसतं.

घाबरवायचं नाही मला. दर वेळी डिमेन्शियाच निघतो असं नाही, आणि जे निघतं त्यातलं बरंच दुरुस्त होतं. आपले शाकाहारी लोक, त्यात डायबिटीससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ खाली जातं, आणि बी-१२ कमी झालं की विसरणं, चिडणं, भास हे सगळं होऊ शकतं. थायरॉइड. लघवीचं इन्फेक्शन, ज्यात ज्येष्ठ माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू लागतो. झोपेसाठी दुकानातून आणलेल्या 'पीएम' गोळ्या. त्यातलं डायफेनहायड्रामिन या वयात डोकं गढूळ करतं. पार्किन्सन्सच्या काही गोळ्यांनी माणूस जुगाराच्या किंवा नको त्या नादाला लागतो आणि घरचे 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतात. आणि कान! ज्याला ऐकू येत नाही तो अर्धं वाक्य ऐकतो आणि उरलेलं मनाने भरतो. कितीतरी 'तू मला असं म्हणालीस' तिथून निघतात. ओरिजिनल मेडिकेअर श्रवणयंत्राचे पैसे देत नाही हे खरं, पण सौम्य-मध्यम बहिरेपणासाठीची यंत्रं २०२२ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात. तरी कान आधी तपासून घ्या.

आता मेडिकेअरचं. वर्षातून एकदा होणाऱ्या वेलनेस व्हिजिटमध्ये स्मरणशक्तीची दखल घेणं अपेक्षित असतं; घाईत ते सुटतं, तेव्हा तुम्ही स्वतः विषय काढा. शंका आली तर सविस्तर तपासणी आणि पुढच्या काळजीचा आराखडा यासाठी वेगळी भेट पार्ट बीमध्ये मिळते, कोड ९९४८३. तिथे घरचं माणूस सोबत लागतंच, म्हणजे तुम्ही जाणार आहात. जाताना कागदावर तारखांसकट लिहून न्या : काय झालं, कधी झालं, कोणती औषधं चालू आहेत, भारतातून आणलेली चूर्णं आणि काढेसुद्धा. मिस्टरांसमोर बोलणं जड जाईल तर तो कागद आधीच नर्सकडे द्या. डिमेन्शियाचं निदान झालंच, तर जुलै २०२४ पासून मेडिकेअरचा 'गाइड' नावाचा कार्यक्रम सुरू आहे. त्यात ओरिजिनल मेडिकेअर असलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला मार्ग दाखवणारं एक ठरलेलं माणूस मिळतं. तुमच्या भागातली कोणती क्लिनिकं त्यात आहेत ते न्यूरॉलॉजिस्टला विचारा. हे सगळं झाल्यावर थेरपिस्ट हवाच, आणि बहुधा तुम्हाला स्वतःसाठी हवा. त्या वेळी पुन्हा लिहा.

मैत्रिणींना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचं ऐकू नका.

प्रश्न : आईबाबांचं इंग्रजी जेमतेम. त्यांच्या काउन्सेलिंगला मी दुभाषी म्हणून बसते. चालेल ना? (शार्लट)

नको. आई "यांनी मला कधी विचारलंच नाही" म्हणाली, तर त्याचं तुम्ही इंग्रजीत काय कराल? मऊ कराल. सगळ्याच मुली करतात. शिवाय तुमच्यासमोर ते दोघं शरीराबद्दल, पैशाबद्दल, तुमच्या नवऱ्याबद्दल बोलणार नाहीत. सरकारी पैसे घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाष्याची सोय विनामूल्य करायची असते, आणि रुग्णाला 'तुमचा माणूस आणा' असं बजावता येत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी' सांगा. समोरून 'हिंदी चालेल का' असं येईल, तर आईबाबांना विचारून ठरवा. लहान प्रॅक्टिसमध्ये फोनवरचा दुभाषी मिळतो. थोडं अडखळतं, पण तो तुमच्या आईचा जावई नसतो.

प्रश्न : थेरपीला गेल्याचं मंडळात कळेल का? (नाव-गाव नको)

आमच्याकडून नाही. पण मेडिकेअर दर काही महिन्यांनी झालेल्या क्लेमची यादी पाठवतं आणि पुष्कळ ज्येष्ठांच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड मुलाकडे असतो. मुलाला कळू नये असं वाटत असेल तर आधी तो बदला.

प्रश्न : यजमान रागात हात उगारतात. वय ७० असलं तरी ताकद आहे. दोघांनी एकत्र थेरपीला गेल्याने फरक पडेल का? (गाव लिहिलेलं नाही)

एकत्र जाऊ नका. जिथे भीती आहे तिथे एकाच खोलीत खरं बोलणं धोक्याचं असतं. तिथे बोललेल्याचा हिशेब घरी होतो. तुम्ही एकट्या तुमच्या डॉक्टरला भेटा आणि 'घरी सुरक्षित नाही' एवढं एक वाक्य सांगा. १-८००-७९९-७२३३ या घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनवर रात्री-अपरात्री बोलता येतं, दुभाषीही मागता येतो. हात उगारणं नवीन असेल, तर क्लीव्हलँडच्या बाईंना दिलेलं उत्तर वाचा आणि डॉक्टरला तेही सांगा. पण तपासणी होईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी धोका वाटला तर ९११. फोन त्यांच्या हाताशी राहणारा असेल तर हेल्पलाइनचा नंबर त्यात साठवू नका, मैत्रिणीच्या फोनवरून लावा.