‘ड’ कमी म्हणून आजार बळावला का?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांना इन्फ्लुएंझा झाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि आठवडाभर रुग्णालयात ठेवावे लागले. तिथल्या रक्ततपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व ९ निघाले. ‘हे आधीच भरून काढले असते तर एवढे झालेच नसते,’ असे औषधाचे दुकान असलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी सांगितले आणि घरातल्या सर्वांसाठी ६०,००० एककांच्या पुड्या आणून दिल्या. आम्ही सर्वांनी तपासणी करून घ्यावी का? पुड्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या सासऱ्यांची पातळी खरोखरच कमी आहे आणि ती भरून काढायला हवी, यात शंका नाही. मात्र त्यांचा आजार त्यामुळेच बळावला, असे त्या ९ या आकड्यावरून म्हणता येत नाही; कारण हा आकडा त्यांच्या आजारपणातला आहे, त्याआधीचा नाही.

शरीरात दाह सुरू झाला की रक्तातली ‘ड’ची पातळी आपोआप उतरते. हे जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारे प्रथिन अशा वेळी घटते आणि त्याबरोबर तपासणीतला आकडाही खाली येतो. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरवून केली जाते, म्हणून तिच्या आधी आणि नंतर असे दोन्ही वेळा रक्त तपासता येते. अशा रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांतच पातळी लक्षणीय घसरलेली आढळली. एवढ्या अवधीत कोणाचे ऊन कमी झाले नव्हते की आहार बदलला नव्हता. म्हणजे जितका आजार मोठा तितकी पातळी खाली, हे नाते खरे असले तरी त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे रुग्णालयातल्या अहवालावरून ठरत नाही.

दुसरा घोटाळा वय आणि प्रकृती यांचा आहे. उतारवय, स्थूलपणा, मधुमेह, घराबाहेर न पडणे या सगळ्यांत ‘ड’ कमी असते आणि नेमक्या याच लोकांना श्वसनमार्गाचे विषाणुजन्य आजार जड जातात. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात लाखो लोकांचे रक्त घेऊन ठेवलेले होते. २०२० मध्ये त्यांच्यापैकी कोणाला कोविड झाला हे पाहिले, तेव्हा सुरुवातीला ‘ड’ कमी असलेल्यांत संसर्ग जास्त दिसला. पण वय, वजन, वंश, आर्थिक स्थिती यांचा हिशेब धरल्यावर तो संबंध उरला नाही.

असे संशोधन करण्यामागे भक्कम कारण होते, हेही सांगायला हवे. आपल्या संरक्षक पेशी जंतूंना मारणारे कॅथेलिसिडिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते तयार होण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, हे २००६ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. पुढे २०१७ मध्ये २५ चाचण्यांतल्या सुमारे ११,००० लोकांची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. रोज किंवा दर आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्यांना, आणि विशेषतः ज्यांची पातळी मुळातच १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होती त्यांना, श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाल्याचे त्यात दिसले. कोविडच्या काळात जगभर ‘ड’ची एवढी चर्चा झाली ती प्रामुख्याने याच निष्कर्षामुळे. पण पुढच्या मोठ्या चाचण्या जमेस धरत गेल्या तसा हा फायदा आक्रसत गेला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४६ चाचण्या आणि ६४,००० हून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात तो इतका थोडा उरला, की तो योगायोगही असू शकेल; आणि ज्यांना विशेष लाभ होतो असा गटही वेगळा काढता आला नाही.

आपला प्रश्न मात्र आजाराच्या तीव्रतेचा आहे, आणि त्याचे सर्वांत थेट उत्तर ब्राझीलमधल्या चाचणीत मिळते. साओ पाउलो येथे कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २४० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला ‘ड’ची २ लाख एककांची एकच मात्रा दिली आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. पहिल्या गटाची रक्तातली सरासरी पातळी २१ वरून ४४ वर गेली, म्हणजे औषध शरीरात पोहोचले होते. तरीही रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही आणि अतिदक्षता विभागाची गरज किंवा मृत्यू यांतही ठळक फरक पडला नाही. आकडा सुधारला, आजाराचा मार्ग बदलला नाही. आजार ऐन भरात असताना दिलेली मात्रा उशिराची ठरते, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. पण आजारापूर्वीपासून रोज लहान मात्रा देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांची गतही फारशी निराळी नाही. त्यांतल्या एकीविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आता घरातले काय करावे ते पाहू. सासऱ्यांची कमतरता भरून काढायची ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. ९ ही पातळी त्या दृष्टीने निश्चितच अपुरी आहे आणि ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, हा आपल्याकडे रूढ असलेला उपचार त्यांना लागू पडेल. ती जेवणाबरोबर किंवा दुधातून घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांसोबत चांगले शोषले जाते. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी कॅल्शियम तपासून घ्यावे. घरातल्या धडधाकट माणसांनी पुड्या घेऊ नयेत आणि तपासणीवरही खर्च करू नये. निरोगी प्रौढांची ही तपासणी सरसकट करू नये, असे २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या अमेरिकेतल्या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्टपणे सांगितले आहे. ‘३० च्या खाली म्हणजे अपुरे’ ही प्रयोगशाळांच्या अहवालांवर छापली जाणारी रेषा याच संस्थेच्या २०११ च्या शिफारशीतून आली होती, आणि तिला आता त्या संस्थेचाच पाठिंबा उरलेला नाही.

पुड्यांच्या बाबतीत एक धोका आवर्जून सांगतो. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली जाणे ही आपल्याकडे नित्य घडणारी चूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज ६०० एकके ठरवली आहे. त्या हिशेबाने एका पुडीत १०० दिवसांचा शिधा असतो. असे महिना-दोन महिने चालले तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, बरळणे असे त्रास सुरू होतात आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असे असले तरी त्यापुढे वार लिहून घ्यावा.

उन्हाविषयीही गैरसमज आहे. सकाळचे कोवळे ऊन सुखद असते, पण ‘ड’ तयार करणारे अतिनील ‘ब’ किरण त्यात फारच थोडे असतात. ते साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात मिळतात आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. ज्येष्ठांना आमच्याकडे बंद काचेआड, सकाळी सातला उन्हात बसवतात. त्यातून ऊब तेवढी मिळते.

सासऱ्यांना पुन्हा असा त्रास होऊ नये म्हणून करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पावसाळ्यापूर्वी त्यांना इन्फ्लुएंझाची लस द्यावी, ती दरवर्षी द्यावी, आणि न्यूमोकॉकसच्या लशीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. माझे ‘ड’ ४६ आले. साताऱ्याच्या आईला कळवले तर ती म्हणाली, ‘उत्तम आहे, माझे तर १९ आहे.’ मग इथले डॉक्टर मला हिवाळ्यात गोळी घ्या असे का सांगतात? त्याने इथल्या थंडीतले ताप-खोकले टळतील का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपण आणि आपल्या आई जवळजवळ एकाच पातळीवर आहात. भारतात ही पातळी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात, तर ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला अडीचने भागले की आपला आकडा मिळतो. म्हणजे आपले ४६ हे इथले सुमारे १८.

ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडचे ऊन ‘ड’ तयार करण्यास पुरेसे नसते. म्हणून तिथे सर्वांनाच या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकके घेण्याचा सल्ला दिला जातो आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तो बाराही महिने लागू धरतात. ही गोळी अवश्य घ्यावी, पण ती हाडांसाठी. ताप-खोकल्याविषयी तिथेच झालेली चाचणी पुरेशी बोलकी आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात ६,२०० प्रौढांपैकी निम्म्यांना तपासणी देऊ करून, पातळी कमी निघाल्यास रोज ८०० किंवा ३,२०० एकके देण्यात आली आणि उरलेल्यांना नेहमीसारखे राहू दिले. सहा महिन्यांत ना श्वसनमार्गाचे संसर्ग कमी झाले, ना कोविड.

प्रश्न : सर्दीची चाहूल लागताच मी ‘क’ जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिवसातून दोनदा सुरू करते. हे बरोबर आहे ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अपाय नाही; उपयोगही जवळजवळ नाही. या समजुतीला बळ मिळाले ते १९७० पासून, लायनस पॉलिंग यांच्यामुळे. दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या शब्दाला वजन असणारच. मात्र त्यांची पारितोषिके रसायनशास्त्राची आणि शांततेची होती. कोक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार, वर्षभर नियमितपणे ‘क’ घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के कमी काळ टिकते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस वाचतो. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळ्यांचा मात्र खात्रीचा परिणाम आढळलेला नाही. मॅरेथॉनपटू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात सर्दीचे प्रमाण निम्मे झाल्याचे दिसले, पण आपण त्यांच्यापैकी असाल असे पत्रावरून वाटत नाही. स्त्रियांची रोजची गरज ६५ मिलिग्रॅम आहे आणि ती एका मध्यम पेरूतून सहज भागते. मूतखडा होऊन गेला असेल तर या गोळ्या टाळाव्यात.

प्रश्न : माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला गोवर झाला होता. डॉक्टरांनी लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली आणि तो बरा झाला. हेच औषध सर्दी-तापातही उपयोगी पडेल का? घरात बाटली ठेवावी का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी केले ते अगदी योग्य होते. विषाणुजन्य आजाराची तीव्रता जीवनसत्त्वाच्या मात्रेने खरोखर घटते, याचे सर्वांत ठोस उदाहरण गोवर हेच आहे. पुरळामुळे गोवर हा त्वचेचा आजार वाटत असला तरी तो श्वसनमार्गातून शिरतो आणि त्यात मुले दगावतात ती बहुधा न्यूमोनियाने.

केप टाउनच्या रुग्णालयात गोवराने गंभीर झालेल्या १८९ मुलांवरची चाचणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या मुलांमध्ये ‘अ’च्या कमतरतेची बाह्य लक्षणे सहसा नव्हती, तरीही १०० पैकी ९२ मुलांच्या रक्तातली पातळी घसरलेली होती. इथपर्यंत गोष्ट ‘ड’सारखीच आहे. फरक पडला तो पुढे. निम्म्या मुलांना ‘अ’ दिले, निम्म्यांना दिले नाही. एकूण १२ मुले दगावली, त्यांतली १० ‘अ’ न मिळालेल्या गटातली होती. ‘अ’ मिळालेली मुले न्यूमोनियातून आणि जुलाबातूनही लवकर सावरली. गोवराचा विषाणू श्वसनमार्गाचे आणि आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतो, आणि ते अस्तर पुन्हा घडवण्यासाठी नेमके हेच जीवनसत्त्व लागते.

सर्दी-तापाला मात्र हे लागू होत नाही. लहान मुलांची छाती भरवणाऱ्या आरएसव्ही या विषाणूच्या संसर्गातही रक्तातले ‘अ’ उतरते. तरीही मोठ्या मात्रांनी त्या मुलांना फायदा झाला नाही. म्हणून बाटली घरात ठेवू नये. ‘अ’ यकृतात साठते आणि जास्त झाले की यकृतालाच इजा करते. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२५ च्या गोवराच्या साथीत ‘अ’ घेतलेल्या काही मुलांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आढळल्या. ‘अ’ लसीची जागाही घेत नाही. मुंबईत २०२२ मध्ये गोवंडी परिसरात गोवराने मुले दगावली, त्यांतली अनेक लस न मिळालेली होती.

आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसोबत ‘अ’ची १ लाख एककांची मात्रा देतात आणि नंतर पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाखांची, अशा एकूण नऊ मात्रा असतात. गोवराच्या उपचारातल्या दोन मात्रा त्यांच्याहून वेगळ्या धरल्या जातात. अंगणवाडीत किंवा आरोग्यकेंद्रात पुढची मात्रा देण्यापूर्वी त्यांची तारीख तिथल्या ताईंना सांगावी म्हणजे त्या अंतर ठरवतील. गोवर झाला तरी लसीचा राहिलेला डोस सोडू नये, कारण त्यातून रुबेलाचे संरक्षणही मिळते. मुलाला अंधारात चाचपडावे लागते असे वाटले किंवा डोळ्यांचा पांढरा भाग कोरडा, निस्तेज दिसला, तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरी मात्रा लागते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.