नव्या पट्टीचा आयडी कोणाला विचारावा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी मी पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून हळदीच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे) सॉफ्टवेअर केले आहे. शेतकऱ्याची पट्टी एका टेबलमध्ये आणि तिच्यातील पोती, वजन व दर दुसऱ्या टेबलमध्ये जातात. पट्टीची नोंद झाली की मी सर्वांत मोठा आयडी शोधून तो पुढच्या नोंदींना जोडतो. दुसरा संगणक जोडल्यापासून मात्र एकाची पोती दुसऱ्याच्या पट्टीत दिसू लागली आहेत. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोष सर्वांत मोठा आयडी शोधण्यातच आहे. समजा, पहिल्या संगणकावरील पट्टीला ४१०१ हा आयडी मिळाला आणि तो विचारण्याआधीच दुसऱ्या संगणकावर ४१०२ तयार झाली, तर पहिल्याला उत्तर ४१०२ असे येते आणि त्याची अठरा पोती परक्या शेतकऱ्याच्या नावे चढतात. यात कोठेही एरर येत नाही, म्हणून ही चूक अधिक घातक आहे; शेतकऱ्याचे वर्षाचे पैसे त्या पट्टीवर ठरतात.

मायएसक्यूएल शेवटचा तयार झालेला आयडी प्रत्येक कनेक्शनसाठी, म्हणजे प्रोग्रामने डेटाबेसशी केलेल्या प्रत्येक जोडणीसाठी, स्वतंत्र लक्षात ठेवते. त्यामुळे पीडीओमधील (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागातील) ‘लास्टइन्सर्टआयडी’ ही मेथड त्याच कनेक्शनवर, इन्सर्टनंतर (ओळ घालण्याच्या आज्ञेनंतर) लगेच आणि कमिटच्या (नोंदी कायम करण्याच्या) आधी वापरावी. कमिटनंतर विचारल्यास शून्य हाती येते. एकाच इन्सर्टमध्ये अनेक ओळी घातल्यास मायएसक्यूएलकडून पहिल्या ओळीचा आयडी मिळतो, म्हणून पट्टीची ओळ एकटीच घालावी. दोन्ही टेबलांतील नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात, ठेवाव्यात आणि त्यासाठी टेबले इनोडीबी या ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या प्रकारची असावीत.

ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झाले तरी वापरलेला आयडी सहसा परत मिळत नाही, क्रमात खंड पडतो. त्यामुळे कागदावर छापायचा पट्टी क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरल्यास इन्सर्टलाच ‘रिटर्निंग’ जोडून आयडी मिळवता येतो.

आता झालेल्या नोंदींकडे वळावे. दुसरा संगणक जोडला त्या दिवसापासूनच्या, एकही पोते न दाखवणाऱ्या पट्ट्या आधी काढाव्यात आणि त्यांच्या लगतच्या क्रमांकांच्या पट्ट्या तोलाईच्या कागदांशी ताडून पाहाव्यात. हरवलेली पोती बहुधा तेथेच सापडतील.