सोलापुरातून सहलींचा व्यवसाय: चारधामच्या आधी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम. झाल्यावर आपण सोलापुरातच एका बुकिंग कार्यालयात दोन वर्षे काम केले, आता स्वतःच्या नावाने सहली काढायच्या आहेत, मामा तीन लाख रुपये उसने द्यायला तयार आहेत आणि पहिलीच सहल चारधामची असावी असे मनात आहे. याच शहरातून हा व्यवसाय बरीच वर्षे करत असल्यामुळे मी स्पष्टच सांगतो, चारधाम आपण पहिले दोन हंगाम तरी हाती घेऊ नये. सोलापुराबाहेर जाणाऱ्यांपेक्षा सोलापुरात येणाऱ्यांची सोय लावण्यापासून आपण सुरुवात करावी.

चारधामला मागणी आहे, हे खरे. परंतु केदारनाथ साडेतीन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण पायी, घोड्यावर किंवा डोलीत करावी लागते, यमुनोत्रीलाही चालणे चुकत नाही आणि पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की एका मुक्कामाचे तीन होतात. उत्तराखंड सरकारकडे प्रत्येक यात्रेकरूची नोंदणी सक्तीची आहे. गाड्या आणि हॉटेले हरिद्वारच्या स्थानिक व्यावसायिकाच्या हातात असतात आणि त्याला हंगामापूर्वीच मोठी उचल द्यावी लागते. आपल्यासोबत साठी ओलांडलेली वीस माणसे असतील आणि त्यांतल्या एकाला वर श्वास लागला, तर निर्णय आपल्यालाच घ्यावा लागेल. ती तयारी लहान सहली नीट पार पाडल्याशिवाय होत नाही.

याउलट सोलापूरची जागा पाहा. अक्कलकोट चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आणि कर्नाटकातले गाणगापूर शंभरच्या आसपास. मुंबईहून रात्री निघालेला भाविक सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सोलापुरात उतरतो, वंदे भारतने दुपारी निघालेला रात्री पोहोचतो, आणि स्टेशनबाहेर येताच त्याला गाडी, खोली आणि दर्शनाचा क्रम सांगणारे विश्वासाचे माणूस हवे असते. हा क्रम लावणे वाटते तितके सोपे नाही. अक्कलकोटला गुरुवारी आणि तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी व पौर्णिमेला गर्दी असते, पंढरपूरला एकादशी टाळावी लागते आणि गाणगापूरला माध्यान्हीची माधुकरी साधायची असेल तर दुपारच्या आत पोहोचावेच लागते. गुरुवारीच स्वामींचे दर्शन हवे असे भाविकाने सांगितले, तर त्या दिवशी दुसरे ठिकाण जोडू नये आणि त्याचे कारण त्याला आधीच सांगावे. दोन दिवसांत चारही क्षेत्रे करून देतो, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाडीतून उतरणारे वृद्ध भाविक किती थकलेले असतात, हे मी पाहिले आहे.

म्हणून पहिले तीन महिने आपण जाहिरातीवर एक रुपयाही खर्च न करता या ठिकाणांची रेकी, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन पाहणी, करावी आणि एक वही ठेवावी. हॉटेलचे फोटो पाहून त्या वहीत काहीही लिहू नये. खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, कमोड आहे की भारतीय पद्धतीचे शौचालय, सोलरचे गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येते, टेम्पो ट्रॅव्हलर कुठपर्यंत जाते आणि तिथून मंदिर किती पावले आहे, हे स्वतः उभे राहून नोंदवावे. तुळजापूरला देवीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून जावे लागते आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना हे बुकिंगच्या वेळीच कळले पाहिजे. माझ्या अनुभवात या व्यवसायातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी अशा न सांगितलेल्या गोष्टींतून उद्भवतात.

आता कॉस्टिंग, म्हणजे सहलीच्या खर्चाचा आणि दराचा हिशेब, ज्यात नवे आयोजक सर्वाधिक फसतात. समजा, आपण विजयपूर, बदामी, पट्टदकल आणि हंपी अशी चार दिवसांची सहल सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलरने काढली. प्रत्यक्ष धाव आठशे किलोमीटरच्या आसपास झाली, तरी गाडीमालक साधारणपणे दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतो, म्हणजे आकारणी १,२०० किलोमीटरची होते. दर २८ रुपये धरला तर ३३,६०० रुपये, चालकाचा भत्ता २,०००, टोल व पार्किंग २,४०० आणि सोबत जाणाऱ्या आपल्या माणसाचा राहण्या-जेवण्याचा खर्च ४,०००, असे ४२,००० रुपये होतात. माणसे चौदा आली काय आणि दहा आली काय, हा खर्च तेवढाच राहतो. चौदा जणांत तो माणशी ३,००० पडतो, दहा जणांत ४,२००. आपण चौदाच्या हिशेबाने दर जाहीर केला आणि दहाच आले, तर १२,००० रुपये आपल्या खिशातून जातील आणि नफ्याचा प्रश्नच उरणार नाही. म्हणून दर नेहमी दहाच्या हिशेबाने काढावा, त्यावर खोली, जेवण, प्रवेश तिकिटे आणि आपला नफा चढवावा, आणि किमान संख्या न भरल्यास सहल रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील, हे पावतीवर छापावे. मुलांचा दर, तिघांची खोली आणि एकट्या प्रवाशाचा जादा आकार आधीच ठरवून ठेवावा.

कायदेशीर बाजूत एक गोष्ट मी विशेष काळजीने सांगतो. स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून इतरांची रेल्वे तिकिटे काढून त्यावर कमिशन घेऊ नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे तो गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अधिकृत एजन्सी घ्यावी किंवा अधिकृत एजंटाकडूनच तिकिटे काढावीत. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे रेल्वेच्या सहलीची नावे त्यापूर्वीच पक्की झालेली असावीत. गाडी पिवळ्या पाटीची म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, पर्यटक परवाना आणि प्रवाशांचा विमा असलेलीच घ्यावी; ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी स्वस्त पडते, परंतु अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, तीही करून घ्यावी आणि व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडावे. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेतो जीएसटी नोंदणी साधारणतः लागत नाही. पुढे सहल आयोजकाला एकूण रकमेवर ५ टक्के दर लागू होतो, पण त्यात खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. आपला कर सल्लागार हे तपासून देईल.

विजयपूर-हंपीच्या वाटेवर आपल्याला सोलापूरकर असण्याचा मोठा फायदा आहे. घरी किंवा शेजारी कन्नड, तेलुगू ऐकत वाढलेला माणूस तिथल्या हॉटेलवाल्याशी, गाइडशी ज्या सहजतेने बोलतो, ती पुण्या-मुंबईच्या कंपनीला विकत घ्यावी लागते. आपल्याला यांपैकी एखादी भाषा येत नसेल तर कामापुरती शिकावी. पुढे श्रीशैल-तिरुपतीच्या सहलींतही ती उपयोगी पडेल.

मामांच्या तीन लाखांबद्दल: त्यांपैकी एक लाख स्वतंत्र खात्यात ठेवून, ग्राहकाचे पैसे परत करण्याची वेळ आली तरच त्यांना हात लावावा. ग्राहकाची आगाऊ रक्कम त्याची सहल पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या सहलीच्या खर्चासाठी वापरू नये. एकाची उचल दुसऱ्याच्या हॉटेलला देण्याच्या सवयीनेच चालते व्यवसाय बुडाले आहेत. भांडवल कमी वाटल्यास राज्याच्या पर्यटन संचालनालयाच्या ‘आई’ धोरणाची चौकशी जरूर करावी. व्यवसाय महिलेच्या मालकीचा आणि संचालनालयाकडे नोंदलेला असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरील व्याजाचा, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, परतावा मिळण्याची त्यात तरतूद आहे. अर्जासोबत काय जोडावे, हे बँकेत जाण्यापूर्वी संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे, कारण कर्ज मंजूर होण्याआधी त्यांचे पत्र हाती असणे सोयीचे पडते.