तांब्याचा जुना आर्ट्स अँड क्राफ्ट्स (शंभरेक वर्षांपूर्वीची, हस्तकलेला मान देणारी चळवळ) शैलीचा दिवा विकण्याआधी घासून चकचकीत करावा का? आणि ठशावरून तो कधीचा हे कळतं का?

अहो अजिबात घासू नका. चिंच, लिंबू, पॉलिश, काहीच लावू नका. तुम्ही लिहिलंय की खाली पवनचक्कीचा ठसा आहे आणि तांबं "काळं पडलंय", तर ते पडलेलं नाही, तसं केलेलंच असतं. पवनचक्की हा कॅलिफोर्नियातल्या डर्क व्हॅन अर्प या तांबटाचा ठसा. त्याच्या दुकानात दिवा ठोकून झाला की मुद्दाम त्याला तो तपकिरी-लालसर रंग आणायचे, आणि जाणकार पैसे मोजतात ते त्या रंगाचे.

माझ्या मेहुण्याने (आम्ही दोघंही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात) एका इस्टेट सेलमधून असाच दिवा आणला होता. अभ्रकाची शेड, रिव्हेट, हातोडीच्या खुणा, सगळं जागच्या जागी. मी त्याच दिवशी सांगितलं, हात लावू नकोस. दिवाळीआधी समया, ताम्हन घासायला काढलं त्यात हाही गेला, चिंच-मीठ लावून. मी पोचलो तर दिवा नव्या कळशीसारखा गुलाबी होऊन ओट्यावर वाळतोय! लिलाववाल्या बाईंनी फोटो बघून दिवा घ्यायला सरळ नकार दिला. तरी मेहुणा अजून म्हणतो की तांबं घासल्याशिवाय घरात ठेवत नाहीत आणि वर पुण्याच्या तांबट आळीचा दाखला देतो. मला! माझं आजोळच तिथलं आहे. मठारलेली (हातोडीने ठोके देऊन घडवलेली) घागर चमकलीच पाहिजे कारण ती रोज पाण्याला वापरायची, रोज घासायची. दिव्याचं तसं नाही, अभ्रकातून मधाच्या रंगाचा उजेड येतो तो खालच्या गडद तांब्यावर पडावा असाच सगळा विचार केलेला आहे, तिथे चकाकी आणली की उजेडच बिघडतो.

आणि व्हॅन अर्पला तांब्यातलं कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हॉलंडमधून आलेला तांबट, मेअर आयलंडच्या नौदल गोदीत नोकरी करताना तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या फुलदाण्या करायचा, १९०८ ला ओकलंडमध्ये दुकान टाकलं, १९१० ला सॅन फ्रान्सिस्कोत आला. तिथे डिझाइनची नजर डार्सी गॉ या बाईंची, त्यांचं नाव लोक विसरतात याचा मला राग येतो. ठशात व्हॅन अर्पबरोबर त्यांचंही नाव असेल तर दिवा १९१०-११ च्या आसपासचा, कारण भागीदारी फार टिकली नाही. अर्थात खोटे ठसेही मारतात, त्यामुळे नुसत्या ठशावर जाऊ नका, जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

हो, एक राहिलं, हे सगळं व्हॅन अर्पसारख्या गडद तांब्याबद्दल. लंडनच्या डब्ल्यू. ए. एस. बेन्सनचे दिवे वेगळे, ते कारखान्यात मशिनवर व्हायचे आणि त्यांचे रिफ्लेक्टर उजेड परतवायलाच चकचकीत ठेवलेले असायचे. मेहुण्याला हे कळलं तर तो लगेच पुढे करेल, पण त्याचा दिवा बेन्सनचा नव्हता. तुमचाही नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, जुनी वायर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या आणि काढलेलं जुनं सॉकेट फेकू नका, दिव्याबरोबरच द्या.