हात सावकाशच शिकतो

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पियानोवर रोज दोन तास बसूनही तीच दोन पानं अडतात, असं तू लिहिलंस. दोन तास काही कमी नाहीत. पण त्या वेळात हात नेमकं काय शिकतो, ते बघायला हवं. हाताला बरोबर-चूक कळत नाही. जे पुन्हा पुन्हा केलं, ते त्याच्यात मुरतं. सातव्या बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतला दोन उभ्या रेघांमधला भाग) अडखळायचं, थांबायचं, चुकलेला सूर दुरुस्त करायचा आणि पुढे जायचं, असं वीस वेळा झालं की हात हा सगळा क्रमच पाठ करतो. अडखळण्यासकट. मग लोकांसमोर तो अगदी इमानाने तिथेच अडखळतो.

आधी पियानोची पट्टी कशी चालते ते समजून घे, म्हणजे तंत्राबद्दलच्या निम्म्या सूचना आपोआप कळतील. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. ती दाबायला पुरतं ते वजन जेमतेम ५० ग्रॅम. पट्टी खाली जाताना आतली यंत्रणा हातोडी वर ढकलते, पण तारेला लागण्याच्या किंचित आधी तिला सोडून देते. शेवटचे एक-दोन मिलिमीटर हातोडी मोकळीच जाते. म्हणजे सूर उमटला त्या क्षणी तुझं काम संपलेलं असतं. पट्टी किती वेगाने खाली गेली, यावरच सुराचा जोर ठरतो. तळाला पोचल्यावर कितीही रेटलंस तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त मनगट आखडतं. सूर लांबवायचा असेल तर पट्टी खाली राहील एवढंच वजन ठेव. वाजवलं की लगेच सैल, ही सवय सगळ्यात आधी लागली पाहिजे.

बसणं थोडक्यात सांगते. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बस, तळपाय जमिनीवर, कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा बोटभर वर. हात खांद्यापासून सैल सोड आणि लोंबत्या बोटांना जो बाक असतो, तो तसाच ठेवून पट्ट्यांवर आण. नखं कापलेली हवीत, नाहीतर बोट सपाट पडतं.

आता अंगठा. तुझं स्केल, म्हणजे क्रमाने चढणारे-उतरणारे सूर, खडबडीत वाजतं त्याचं कारण बहुधा इथे आहे. सी मेजर म्हणजे सीपासून पुढच्या सीपर्यंतच्या पांढऱ्या पट्ट्या (सी, डी, ई, एफ अशा क्रमाने); अंगठा १ आणि करंगळी ५ धरली, तर उजव्या हाताने ते १-२-३-१-२-३-४-५ असं वाजतं. ई तिसऱ्या बोटाने वाजला की अंगठा हाताखालून जाऊन एफवर पडतो. बहुतेक जण तिसरं बोट वाजेपर्यंत अंगठ्याला बाहेरच ठेवतात आणि मग घाईने आत खेचतात. त्यासरशी कोपर बाहेर फेकलं जातं, मनगटाला झटका बसतो आणि एफ धपकन वाजतो. खरं तर दुसरं बोट डी वाजवत असतानाच अंगठा आत सरकायला लागला पाहिजे. ई वाजेपर्यंत तो एफच्या वर तयार असतो, मग नुसता खाली ठेवायचा. पूर्ण हातही त्याच्याबरोबर उजवीकडे सरकत राहतो. हे वेगळं काढून कर. तिसऱ्या बोटाने ई धरून ठेव आणि अंगठ्याने आधी सी, मग एफ, असं आठ वेळा वाजव. अंगठ्याची नखाजवळची कडच पट्टीला लागू दे. ई धरलेलं मनगट हललं तर पुन्हा पहिल्यापासून.

सी मेजर सोपं समजून सगळे तिथून सुरुवात करतात. वाचायला ते सोपं आहेच, पण हाताला नाही, कारण सगळ्या पट्ट्या एका पातळीत आणि बोटं मात्र लहान-मोठी. पियानोवादक-संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांचा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पट्ट्यांवर ठेवून घेत असे. मधली लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर, हात कसा अलगद बसतो बघ. बी मेजरही याच कारणाने हाताला सोयीचं आहे, अंगठा फक्त बी आणि ई या दोन पांढऱ्या पट्ट्यांवर येतो. आठवडाभर स्केल तिथेच वाजव.

चौथं बोट उचलत नाही म्हणून त्याच्यावर जबरदस्ती नको. हाताच्या पाठीवर त्याच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांना जोडलेल्या असतात, ते एकटं उंच जाणारच नाही. त्याला थोडं मनगट आणि हाताचं वजन मिळालं की तेही स्वच्छ वाजतं. संगीतकार रॉबर्ट शुमानला विशीतच उजवा हात अधू झाल्यामुळे पियानोवादक होण्याचा विचार सोडावा लागला. नेमक्या कारणावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण माझ्या मते हाताशी सक्ती करणाऱ्या प्रत्येकाने त्याला आठवावं. स्नायूंना थकवा येणं ठीक. दुखलं, मुंग्या आल्या किंवा बोट बधिर वाटलं तर त्या दिवसापुरतं झाकण लाव. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर डॉक्टरांना दाखव.

आता ती दोन पानं. पूर्ण तुकडा वाजवणं काही दिवस बंद. अडणारे दोन बार काढ आणि पुढच्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत वाजव, म्हणजे जोड उसवणार नाही. चूक जिथे ऐकू येते तिथे ती क्वचितच झालेली असते. एक सूर मागे जा, तिथे कुठलं तरी बोट चुकीच्या जागी राहिलेलं सापडेल. बोटांचे क्रमांक पेन्सिलने लिही आणि रोज तेच वापर. आज तिसरं, उद्या चौथं असं केलंस तर हात दोन वाटा शिकतो आणि वेगात त्यांची टक्कर होते.

आधी एकेक हात, मग दोन्ही. तुकड्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, ६० वर लाव. सलग तीनदा निर्दोष झालं की ४ ने वाढव, बिघडलं की ८ ने उतरव. ६० वरही चुकत असेल तर ४० वर जा, त्यात कमीपणा काही नाही. पुढचा सूर कुठल्या बोटाने, हे वाजवण्याआधी मनात स्पष्ट असेल तोच तुझा आजचा वेग. आणि उठण्यापूर्वी शेवटची आवृत्ती पुन्हा सावकाश कर. हा सराव करताना पेडलला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. ते अर्धवट जोडलेले सूर झाकून टाकतं आणि तुला खोटं समाधान देतं.

दोन तास सलग बसू नकोस. २५ मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये उठून फिरणं. सकाळी एक, संध्याकाळी दोन चालतील. काल संध्याकाळी न जमलेला बार आज सकाळी जरा सुटा वाटला तर नवल नाही, झोपेतही मेंदू शिकलेलं पक्कं करत असतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा सहा तास बसण्याने हे साधत नाही.

दहा दिवसांनी पत्र लिही. कुठले दोन बार घेतलेस, त्यांत बोटांचे कुठले क्रमांक लिहिलेस आणि मेट्रोनोम कितीवर आला, एवढं नक्की कळव. त्या क्रमांकांवरून पुढचं सांगता येईल.

तुझी,
मावशी