फेतिये: आधी किनारा, मग हॉटेल

प्रश्न: आम्ही म्युनिकला राहतो. मुलं चार आणि आठ वर्षांची आहेत. तुर्कस्तानात फेतियेजवळच्या ओल्युदेनिझला आठवडाभर जायचा विचार आहे. मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत जावं की उन्हाळी सुट्टी संपता संपता? राहायला नेमकं कुठे बरं?

उत्तर: धाकट्याचं वय पाहता सप्टेंबरचा पहिला आठवडा घ्या. मेअखेरीस हवा छान असते, पण समुद्राचं पाणी २१-२२ अंशांच्या आसपास असतं. मोठ्यांना ते चालतं, चार वर्षांचं पोर मात्र थोड्याच वेळात कुडकुडायला लागतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी साधारण २७ अंश असतं. ऊन तेव्हाही कडक, म्हणून पाण्यात जायचं ते सकाळी आणि चारनंतर.

हॉटेल बघण्याआधी किनारा ठरवा, कारण ओल्युदेनिझला दोन अगदी वेगळे किनारे आहेत. समोरचा मोठा, मोकळा किनारा बेल्जेकिझ. तिथे गोटे आहेत आणि चार पावलांत तळ एकदम खोल जातो. लाट परतताना पायाखालचे गोटे सरकतात आणि लहान मुलाचा तोल जातो. धाकट्याला तिथे हात धरल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. त्याच्या टोकाला कुमबुर्नुचं नैसर्गिक उद्यान आहे. आत जायला तिकीट लागतं, खुर्च्या-छत्र्यांचं भाडं वेगळं. पण आतलं खाजण शांत, उथळ, जवळजवळ बिनलाटांचं आहे. तुमच्या मुलांसाठी हीच जागा. सकाळी लवकर पोचा, उशीर झाला की सावलीची जागा मिळत नाही. तळाशी इथेही खडे असतात, तेव्हा चौघांनाही रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच.

'ओल्युदेनिझ' म्हणून जाहिरात करणारी बरीच हॉटेलं प्रत्यक्षात वर डोंगरात, हिसारोन्यु किंवा ओवाजिकला असतात. तिथून किनारा काही किलोमीटर खाली आहे आणि रस्ता चांगलाच उताराचा. बाबागाडी घेऊन चालत जाणं विसरा, दोलमुश म्हणजे तिथली छोटी बस धरावी लागते. बुकिंगआधी नकाशावर हॉटेलपासून कुमबुर्नुच्या फाटकापर्यंतचं अंतर स्वतः मोजा. फेतिये गावाजवळचा चालिश किनारा सपाट आहे आणि संध्याकाळी फिरायला सुरेख, पण उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

वाळूचे किल्ले करायचे असतील तर एक दिवस गाडी करून पाताराला जा. मैलोनमैल मऊ वाळू आहे. तिथे समुद्री कासवं अंडी घालतात, म्हणून हंगामात रात्री किनारा बंद असतो. झाड नाही, दुपारी वाळू पाय भाजते, लाटाही असतात.

'बारा बेटां'ची दिवसभराची बोट सध्या टाळा. बहुतेक थांब्यांवर बोटीतून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं आणि धाकटा दिवसभर अडकून पडेल. चालिशहून फेतियेला जाणाऱ्या पाण्यातल्या टॅक्सीने त्याची बोटीची हौस छान भागेल. साक्लिकेंतच्या घळीत कड्याला लावलेल्या लाकडी वाटेपर्यंतच जा. पुढचा प्रवाह बर्फासारखा गार आणि जोरदार असतो.

प्रश्न: पुण्याहून आईबाबा आमच्याकडे शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणाऱ्या व्हिसावर, येणार आहेत. त्यांनाही बरोबर नेता येईल का?

उत्तर: येईल, पण आधी त्यांच्या व्हिसावर किती प्रवेशांची मुभा आहे ते बघा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणून व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिकडे जाताच तो संपला, जर्मनीत परत येता येणार नाही. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा. वैध शेंगेन व्हिसा किंवा जर्मनीचा रहिवासी परवाना असला की भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. तो शेंगेन व्हिसा किंवा परवाना तुर्कस्तानात उतरण्याच्या दिवशी चालू असायला हवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांचा ई-व्हिसा वेगळा काढा. अर्ज तुर्की सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा, तसंच रूप घेतलेली आणि वर पैसे उकळणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. नाव आणि पासपोर्ट क्रमांक दोघांनी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी विमानात चढू देत नाहीत.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडीही नाही. मुलांना काय द्यावं?

उत्तर: गोझलेमे हा मोठा आधार. पातळ लाटलेल्या पोळीत पालक, चीज किंवा बटाटा भरून समोर तव्यावर भाजून देतात. दही आणि आयरान, म्हणजे खारं ताक, सगळीकडे मिळतं. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या फरसबी-वांग्याच्या भाज्याही बहुधा चालतात. फसगत होते ती मसुरीच्या सूपमध्ये आणि भातात: दिसायला शाकाहारी, पण कधी कधी मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले. 'एत सुयु वार मि?' असं विचारा, म्हणजे मांसाचं पाणी घातलंय का. पण पाणी कोंबडीचं असेल तर 'ताउक सुयु' असंही विचारावं लागतं.

एक आठवडा असेल तर स्वयंपाकघर असलेली 'आपार्त' खोली घ्या. लाल मसूर डाळ आणि तांदूळ कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. हिंग, हळद, गोडा मसाला घरून न्या. प्यायला आणि मुलांचे दात घासायलाही बाटलीचं पाणी वापरा, पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो.

प्रश्न: रात्री मुलाला ताप आला तर?

उत्तर: औषधाच्या दुकानावर 'एजझाने' अशी पाटी असते. रात्री एक दुकान पाळीने उघडं राहतं, त्याचं नाव-पत्ता बंद दुकानांच्या दारावर लावलेला असतो. आणीबाणीचा क्रमांक ११२. मुलांचं नेहमीचं तापाचं औषध मात्र मापाच्या चमच्यासकट घरूनच न्या.